ओळींत नसलेली पालखी

(वसंतातल्या एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



चार वाक्यांचा एक उतारा आहे. ‘अंगण सारवून झाले होते. आजीने ओटीचे ताट भरून ठेवले. मुंबईचा काका रात्रीच्या गाडीने येऊन पोहोचला होता. वरच्या वाडीतून ढोल ऐकू आला, तसा बंड्या हातातला घास टाकून पळाला.’ उताऱ्याखाली प्रश्न एकच: घरी कोण येणार आहे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तिसरीच्या मुलाला या प्रश्नावर फार डोके खाजवावे लागणार नाही. पालखी येणार. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते, वाडीवाडीतून घरोघर फिरते, दारात नाचवली जाते. तिच्यासाठी अंगण सारवायचे असते, देवीची ओटी भरायची असते, आणि गणपतीला रजा मिळाली नाही तरी चालेल पण शिमग्याला गाव गाठायचेच, असे म्हणणारे चाकरमानी घरोघरी असतात. उताऱ्यात ‘पालखी’ नाही, ‘शिमगा’ नाही, ‘देव’ हा शब्दसुद्धा नाही. तरी मुलाने त्या चार ओळींत पालखी वाचली.

आता तोच उतारा बुलढाण्याच्या एखाद्या मुलापुढे ठेवावा. ओटीचे ताट, पाहुणा, ढोल: त्याला वरात दिसेल, नाहीतर नवी नवरी. ते मूल एकही जोडाक्षर चुकलेले नाही, कुठे अडखळलेले नाही. त्याने लावलेला अर्थही वेडगळ नाही. त्याच्या गावात ढोल आणि ओटी एकत्र येतात ती लग्नातच. अशा वेळी त्याचे वाचन कच्चे आहे असा शेरा मारणारी मंडळी पुष्कळ असतात. वाचन कच्चे नाही. त्या ओळींच्या मागे जे उभे आहे ते त्याने पाहिलेले नाही, एवढेच.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला. १९७९ साली ‘रीडिंग रिसर्च क्वार्टर्ली’ या नियतकालिकात मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांचा एक लेख आला. त्यांनी दोन पत्रे तयार केली होती, एकात अमेरिकेतल्या लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात भारतातल्या लग्नाचे. दोन्ही पत्रे दोन्ही देशांच्या प्रौढ, शिकल्यासवरलेल्या वाचकांना दिली. जो तो आपल्याकडच्या लग्नाचे पत्र भराभर वाचून मोकळा झाला आणि त्यातले तपशीलही त्याच्या जास्त लक्षात राहिले. हे कुणीही आधी सांगितले असते. गंमत आहे ती चुकांमध्ये. अमेरिकी पत्रातल्या नवरीने आपल्या आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे तो अभिमानाचा विषय. एका भारतीय वाचकाने पत्र वाचून लिहिले, की पोशाख फार जुना होता आणि त्याची फॅशन गेलेली होती. उलट भारतीय पत्रातला हुंड्याचा व्यवहार काही अमेरिकी वाचकांना भेटवस्तूंची देवाणघेवाण वाटला. इंग्रजी दोघांनाही येत होते.

दुसरा प्रयोग मुलांवरचा, १९८८ सालचा. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या ६४ अमेरिकी मुलांना बेसबॉलच्या खेळातल्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले आणि मैदानाची प्रतिकृती पुढे ठेवून ‘काय झाले ते दाखवा’ म्हटले. वाचनाच्या चाचणीत मागे पडणारी, पण बेसबॉल जाणणारी मुले चांगली ठरली. वाचनात हुशार, पण खेळाचा गंध नसलेली मुले त्यांच्या मागे राहिली. आपल्याकडे हाच प्रयोग क्रिकेटवर करायचा असेल तर निकाल काय लागेल हे सांगायला संशोधक नको.

मग शाळेत आकलन म्हणून जे शिकवतात ते काय असते? नमुना म्हणून एक वाक्य पाहावे: ‘फाल्गुनात ढोबशी झरंगली, की माळ्यावरचे तिरपे खुडकू लागतात.’ प्रश्न पहिला: ढोबशी केव्हा झरंगते? फाल्गुनात. प्रश्न दुसरा: ढोबशी झरंगल्यावर काय होते? माळ्यावरचे तिरपे खुडकू लागतात. प्रश्न तिसरा: रिकाम्या जागा भरा. तिन्ही प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण, आणि वाक्याला काडीचाही अर्थ नाही. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षे जे विचारले जाते, त्यातले बरेचसे असेच सुटते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचे शब्द उचलायचे. मुले यात तरबेज होतात आणि त्यांना वाचता येते असे सगळ्यांना वाटत राहते.

अर्थात अक्षरेच वाचता येत नसतील तर पुढचे सगळे बोलणे वाया आहे. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या सर्वेक्षणानुसार पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाच्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा वर सरकले. हे आकडे काळजीचे आहेतच. पण त्या चाचणीत मूल मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, हेही ध्यानात असावे. जी निम्मी मुले ही पायरी चढली, त्यांना वाचलेले कितपत उमगले, हा निराळा प्रश्न आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या लांबलचक इंग्रजी नावातच समजून वाचणे आले आहे, म्हणजे दुखणे सरकारदरबारीही ठाऊक आहे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये या सगळ्याची मांडणी एका गुणाकारात केली. एक संख्या अक्षरे उलगडण्याची, दुसरी ऐकलेली भाषा समजण्याची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन-आकलन. बेरीज केली असती तर एकीकडे शून्य असूनही काही हाती लागले असते. गुणाकारात तशी सवलत नाही. शाळा पहिल्या संख्येमागे लागते, ते योग्यच आहे. दुसरी संख्या मात्र मुलाच्या घरात, गल्लीत, देवळाच्या ओट्यावर, जत्रेत वाढत असते, आणि फाल्गुन-चैत्रात ती जितकी वाढते तितकी वर्षात क्वचितच वाढत असेल.

रामनवमीचे कीर्तन घ्यावे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून रामाच्या देवळांत कीर्तने सुरू होतात आणि नवमीला दुपारी बाराच्या ठोक्याला जन्म होतो. नारदीय कीर्तनाची बांधणी ठरलेली आहे. पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन बुवा एका विचाराचे निरूपण करतात. मध्ये नामाचा गजर, बुक्का. मग उत्तररंगात आख्यान. आख्यान कुठलेही लावून चालत नाही. पूर्वरंगात जो सिद्धान्त मांडला त्याला ते धरून असावे लागते, आणि श्रोत्यांतली जाणती माणसे नेमके तेच पारखत बसलेली असतात. देवळात आजीच्या मांडीला टेकून बसलेल्या मुलाला निरूपणातले फारसे कळत नाही, ते आख्यानाची वाट बघत असते. पण ‘आधी बोललेले काहीतरी आणि नंतरची गोष्ट यांचा संबंध असतो’ ही जाण त्याच्या कानावाटे आत गेलेली असते.

शाळेत ‘उताऱ्याचा मध्यवर्ती विचार लिहा’ हा प्रश्न मुलांना नेहमी अवघड जातो. त्यांना तो कीर्तनाच्या अंगाने विचारता येतो. गोष्ट वाचून झाल्यावर फळ्यावर दोन वाक्ये लिहायची आणि विचारायचे, यातल्या कुठल्या वाक्यावर पूर्वरंग केला असता तर ही गोष्ट उत्तररंगात शोभली असती? आणि दुसरे वाक्य का चालले नसते? या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग खरा तापतो. तिसरा प्रश्न आणखी मजेचा: बुवा गोष्ट कुठे थांबवतील? चांगला कीर्तनकार ऐन रंगात थांबतो, आडकथा सांगतो, श्रोत्यांना ताटकळत ठेवतो. कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी मुलाला गोष्टीतला पेच हेरावा लागतो.

कोकणातल्या गाऱ्हाण्यातही असेच घबाड आहे. पालखीपुढे किंवा होळीपुढे गुरव, मानकरी किंवा गावातला जाणता माणूस देवाला गाऱ्हाणे घालतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर जमाव होकार भरतो. गाऱ्हाण्याला नायक नाही, कथानक नाही. तरी कोण कुणाला बोलतो आहे, कशाबद्दल तक्रार आहे, मागणे काय, बदल्यात कबूल काय केले, हे सगळे त्यात असते. पाठ्यपुस्तकात ‘औपचारिक पत्र’ नावाचा जो कोरडा प्रकार आहे, त्याचे हे जिवंत भावंड. मुख्याध्यापकांना, एसटीच्या आगारप्रमुखांना, गावातल्या नळाला गाऱ्हाणे लिहायला सांगितले तर मुले पानेच्या पाने भरतात. आणि ज्याने गाऱ्हाणे लिहिले त्याला अर्जाच्या उताऱ्यावर ‘अर्जदाराची मुख्य मागणी कोणती?’ असे विचारले तर तो बिचकत नाही.

पाडव्याकडे वळू. पाडव्याला पाटीपूजन करायचे, मुलाला शाळेत घालायचे, ही जुनी रीत. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी अलीकडे ‘गुढीपाडवा, प्रवेश वाढवा’ म्हणत ती पुन्हा कामाला लावली आहे. पण वाचनाच्या दृष्टीने पाडव्याची मोठी देणगी म्हणजे पंचांग आणि त्याचे घरगुती रूप, भिंतीवरचे कॅलेंडर. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघरी पोहोचले. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरात बारा पाने छापील मजकूर लटकलेला असतो, आणि घरातले प्रत्येक माणूस त्यात काहीतरी शोधत असते: चतुर्थी, सुट्टी, गॅस सिलिंडरची तारीख, दूधवाल्याचे खाडे. तक्ता वाचणे, संक्षेप सोडवणे, बारीक अक्षरातली टीप मुख्य चौकटीशी जुळवणे, हे सारे आकलनच आहे. वर्गात मात्र कॅलेंडर फक्त वार सांगायला वापरतात.

एक कोडे घालता येते. पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. या चार तारखा फळ्यावर लिहाव्यात आणि गप्प राहावे. कुणीतरी म्हणते, दहा-अकरा दिवस मागे येतोय. मग लगेच दुसरे कुणी हरकत घेते: पहिल्या वेळी अठरा दिवस पुढे गेला, त्याचे काय? इथे मुलांना जुनी कॅलेंडरे धुंडाळावी लागतात. २०२३ च्या कॅलेंडरात श्रावण दोनदा सापडतो. एक अधिक, एक निज. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी आखूड पडते आणि ती तूट अधिक महिना भरून काढतो, हे वाक्य आता पुस्तकात वाचले तर मूल ते ‘होय, बरोबर’ म्हणत वाचते.

यात ईदही आणावी. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि रमजान ईद ११ एप्रिलला होती; २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. दोन वर्षे दोन्ही सण हातात हात घालून आले. पुढेही असेच येतील का? ईदच्या कालगणनेत अधिक महिना नाही. म्हणून पाडवा मागे सरकला तरी अधिक महिना आला की पुन्हा एप्रिलकडे येतो, ईद मागेच सरकत राहते आणि हळूहळू थंडीत जाते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, तेव्हा २०२७ मध्ये दोन्ही सणांची फारकत झालेली मुलांना स्वतःच ताडता येईल. उताऱ्यात न लिहिलेली गोष्ट उताऱ्यावरून काढणे याला इंग्रजी पुस्तकांत जड जड नावे आहेत. इथे सहावीतली मुलगी ते काम दोन कॅलेंडरे मांडीवर घेऊन करते.

पाडव्याला पंचांगातले वर्षफल वाचायची पद्धत अनेक गावांत अजून आहे. संवत्सराचे नाव, त्याचे फळ, पाऊस किती, पिके कशी. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, उंदीर, कोल्हा, गाढव, मेंढा, घोडा. मृगाला कमी पावसाचे वाहन निघाले की शेतकरी कपाळाला हात लावतो. योगायोग असा, की भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो तोही एप्रिलमध्येच. म्हणजे चैत्रात एकाच विषयावरचे दोन मजकूर शिक्षकाच्या हातात फुकट येतात.

आठवीच्या वर्गात हे दोन्ही शेजारी ठेवावेत. खरे कोण, खोटे कोण, असे सुरुवातीलाच विचारू नये. घराघरांत भांडणे लागतील आणि वाचन बाजूला राहील. आधी भाषा बघावी. हवामान विभाग म्हणतो, जून ते सप्टेंबर या काळातला पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के, आणि चूक अधिक-उणे पाच टक्क्यांची. ही सरासरी १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली, ८७ सेंटिमीटर. पंचांगात चूक किती पडू शकते याचा उल्लेख असतो का? कुठल्या मजकुरात ‘शक्यता’ आहे, कुठल्यात ‘होईल’ आहे? सरासरी देशाची आहे, मग आपल्या तालुक्याबद्दल तो अंदाज काय सांगतो? (काहीही नाही, आणि वर्तमानपत्रातला मथळा वाचून घाईने पेरणी करणाऱ्या बापाला हे मुलाने सांगितले तर बरेच होईल.) मग जूनपासून शाळेच्या आवारात पावसाची नोंद ठेवायची आणि दसऱ्याला दोन्ही कागद पुन्हा काढायचे. विज्ञानाचा तासही यात उरकतो, पण मुख्य काम वाचनाचेच झालेले असते: लिहिणारा किती खात्रीने बोलतो आहे आणि ती खात्री कशाच्या जोरावर आहे.

गुढी का उभारतात, याची उत्तरेही मुलांना कमीत कमी तीन सापडतात. राम अयोध्येला परतले म्हणून. ब्रह्मदेवाने त्या दिवशी सृष्टी घडवली म्हणून. शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकून शत्रूला हरवले म्हणून. तीन उतारे, तीन कारणे. कुठले खरे, यावर गाडी अडते. ती अडू द्यावी, कारण एका घटनेची अनेक स्पष्टीकरणे एकत्र नांदू शकतात हे मुलांनी कुठेतरी पहिल्यांदा पाहायला हवे. इयत्ता वरची असेल तर आणखी पुढे जाता येते. समाजमाध्यमांवर दरवर्षी मार्चमध्ये एक संदेश फिरतो, की गुढी उभारण्याची प्रथा १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झाली. विषय हळवा आहे, शिक्षक तो टाळतात, ते समजण्यासारखे आहे. पण मुलांच्या घरच्या फोनवर तो येतोच. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची, आणि गुढी उभारण्याचा उल्लेख तीत आहे. चारशे वर्षांचे अंतर मोजायला इतिहासकार व्हावे लागत नाही. शकात ७८ मिळवून इसवी सन काढता आला की पुरे. तारीख तपासणे हा वाचनाचाच भाग आहे, हे मुलाला असल्या प्रसंगी पटते तितके एरवी पटत नाही.

चैत्रातल्या आणखी एका मजकुराला अक्षरेच नाहीत. चैत्रांगण. गौर झोपाळ्यावर बसली की महिनाभर तिच्यापुढे अंगणात ही रांगोळी निघते: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, आंब्याचे झाड, फणी, करंडा, आरसा. प्रत्येक घरी क्रम वेगळा, एखादे चिन्ह गळालेले, एखादे वाढलेले. पहिली-दुसरीतली मुले, ज्यांना अजून ओळ वाचताना धाप लागते, ती या रांगोळीवर पाच मिनिटे बोलू शकतात: हे एकत्र का, यातले देवाचे कुठले, घरातले कुठले, नाग इथे काय करतो. कैरीची डाळ आणि पन्हे यांची कृतीही हळदीकुंकवाच्या दिवशी वाचायला द्यावी आणि ‘चवीपुरते मीठ’ म्हणजे किती, हे कृतीत का लिहीत नाहीत, एवढेच विचारावे.

इथवर आलेली उदाहरणे पुन्हा एकदा तपासली तर त्यांतली बरीच एका विशिष्ट घरातली दिसतील, आणि नेमका हाच धोका आहे. पाठ्यपुस्तकातल्या वसंताला फार काळ पुण्यामुंबईचा वास होता. चैत्रगौर, कैरीची डाळ, कोकिळा. अक्कलकुवा तालुक्यातल्या मुलाला चैत्रगौरीचा धडा १९७९ च्या त्या अमेरिकी लग्नासारखा पडतो. त्याचा वसंत निराळा आहे. सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल विकत घेतले जातात, दुरुस्त होतात. काठी या गावच्या राजवाडी होळीला उंच बांबू उभारतात आणि ती होळी रात्री पेटत नाही, पहाटे पेटते. बावा आणि बुध्या अंगाला राख फासून, त्यावर पांढरी नक्षी काढून, डोक्यावर उंच टोप घालून, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. मेळघाटात कोरकू मुले फगवा मागतात. बंजारा तांड्यात लेंगी गीते गातात आणि नव्या बाळाचा धुंड हा विधी होतो. ही मुले घरी पावरी, भिली, कोरकू, गोरमाटी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. त्यांना मराठी शब्द थांबवत नाहीत एवढे मराठी प्रसंग थांबवतात. त्यांची होळी मराठीत लिहून त्यांच्यापुढे ठेवली, तर भाषेचा अर्धा डोंगर चढून झालेला असतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे १९४५ पासून, आधी बोर्डीत आणि मग कोसबाडला, कळत गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर अंगणवाडी त्यांच्या पाड्यावर न्यायची. गुरे राखायला जातात, तर कुरणात शाळा भरवायची. खडे, पाने, बिया, शिंपले हीच साधने. या कामाचे कौतुक सगळेच करतात, भाषणांतून तर फारच. वाचनाच्या पुस्तकात ते अजूनही पुरते उतरलेले नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. शाळेत सण आणले की धर्म येतो. आक्षेप खरा आहे, आणि गुढी उभारून, आरती करून, फोटो काढून संपणाऱ्या कार्यक्रमांना तो लागू पडतो. सण साजरा करणे हे घराचे आणि गावाचे काम. सणाविषयी वाचणे, विचारणे, दुसऱ्याच्या सणाचे वर्णन समजून घेणे हे शाळेचे. आणि वसंतातले सगळेच दिवस काही देवादिकांचे नाहीत. ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत भीमजयंतीला सलग अठरा तास अभ्यास करण्याचा रिवाज आहे. ज्या सणाचा विधीच वाचन हा आहे, असा दुसरा सण दाखवणे कठीण. त्या वाचनाची पुढची पायरी लहान वर्गांत घेता येईल: अठरा तास सोडा, अठरा मिनिटे वाचा आणि एक असा प्रश्न लिहा ज्याचे उत्तर पानावर नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये उघडते, शिमगा आणि पाडवा येतात ते वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि तेव्हा वर्गात उजळणीखेरीज कशाला जागा नसते. त्यामुळे वसंताचा धडा मुले कधी श्रावणात वाचतात, कधी दिवाळीनंतर, आणि खुद्द वसंतात सराव-प्रश्नपत्रिका सोडवतात. यावर तोडगा साधा आहे, त्याला शासननिर्णय लागत नाही. सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी चार-पाच ओळी लिहायच्या, एका अटीवर: सणाचे नाव लिहायचे नाही, मुख्य वस्तूचे नाव लिहायचे नाही. राजापूरच्या मुलीने पालखी न म्हणता पालखी लिहायची, अक्कलकुव्याच्या मुलाने होळी न म्हणता होळी. कागद जपून ठेवायचे आणि जूनमध्ये अदलाबदल करायची. टपालखर्च पंचवीस-पन्नास रुपये.

राजापूरच्या वर्गात कागद येतो: ‘बाबांनी अंगाला राख लावली. आईने भोपळ्यांची माळ आणून दिली. रात्रभर कुणी झोपले नाही. पहाटे सगळे वर बघत होते.’ तिथली मुले काय काय म्हणतील? कुणी आजारी आहे. कुणी गेले. साधू झाले. भोपळे कशाला, भाजी करायची होती का? वर काय बघत होते, ग्रहण? ही सगळी उत्तरे कारणांसकट लिहून परत पाठवायची, आणि सोबत त्यांना पडलेले प्रश्न. त्या प्रश्नांना उत्तर देताना अक्कलकुव्याच्या मुलाला कळते की आपली कुठली ओळ लिहायची राहून गेली, वाचणाऱ्याला काय ठाऊक नव्हते, आपण काय गृहीत धरले. दुसऱ्या खेपेच्या कागदात तो एक वाक्य वाढवतो. कोणते वाढवायचे, हे त्याला शिक्षकाने सांगू नये.